बेचाळीस चौकटी

कासारवाडीच्या आमच्या घरात बोलणं दोन गाड्यांच्या मधल्या वेळात व्हायचं. चाळ आणि रेल्वेचे रूळ यांच्यामध्ये एक भिंत आणि एक गटार, एवढंच अंतर होतं. लोकल गेली तर मांडणीवरची भांडी नुसती किणकिणायची. मालगाडी आली की मात्र सगळे गप्प. तोंडात घास असेल तर चावत राहायचं आणि शेवटचा डबा गेला की वाक्य जिथं सोडलं तिथून उचलायचं. बाहेरून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटायचं. आम्हाला त्यात काहीच वाटत नसे. उलट पुढं पिंपळे सौदागरच्या शांत इमारतीत नोकरीला लागले, तेव्हा लोक एकमेकांचं बोलणं मध्येच तोडतात याचं मला नवल वाटलं होतं.

अण्णांना ऐकू कमी यायचं. भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसजवळ वीस वर्षं उभं राहिल्यावर ज्याचं ऐकणं शाबूत राहिलं असा त्यांच्या खात्यात कुणी नव्हता. त्यामुळं आई त्यांच्याशी हातांनी बोलायची. मीठ हवं का, पाणी आलं का, धाकटी आत्या येणार आहे, सगळं हातांनी आणि भुवयांनी. मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असले तरी नजर तिच्या हातांवर असायची. संत तुकाराम नगरच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांपेक्षा मी ते हात जास्त वाचले, असं आता वाटतं. ती जाऊन चार महिने झाले. तिचा आवाज आठवायला मला थोडे कष्ट पडतात. हात लगेच आठवतात.

ते हात काळे असायचे. आई चाकणला वायरिंगच्या कंपनीत होती. मोटारीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो, तो तिथं तयार व्हायचा. सरकत्या पट्ट्यावर वायरी अडकवायचे उभे फळे पुढं पुढं जायचे, प्रत्येक स्टेशनवरची, म्हणजे पट्ट्यालगतच्या ठरल्या जागेवरची, बाई आपल्या वाट्याच्या वायरी बसवायची, टेप गुंडाळायची, क्लिपा लावायची. टेपचा चिकट काळा डिंक बोटांच्या पेरांत बसे. घरी आल्यावर आई आधी हातांना खोबरेल तेल चोळायची, मग राख, मग साबण, आणि मगच पिठात हात घालायची. तरी भाकरीला कधीतरी तो वास यायचाच. आम्ही मूळचे बार्शीकडचे. शेंगांची चटणी, ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, हे कितीही उशीर झाला तरी चुकत नसे. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस पहाटेच नाशिक फाट्यावर यायची. जाताना आई माझ्या पांघरुणाचं टोक ओढून सरळ करायची. मी जागी असायचे, पण तसं दाखवायचे नाही.

मला चित्रं काढायची होती, आणि तीही हलणारी. चिंचवडच्या एका वर्गात मी ॲनिमेशन शिकले होते. फीचा पहिला हप्ता आईनं कंपनीच्या सोसायटीतून उचलला होता. शिकून झाल्यावर पिंपळे सौदागरला, दुकानांच्या वर दोन मजले असलेल्या एका स्टुडिओत मला तीन महिन्यांसाठी घेतलं. तिथं परदेशातल्या मुलांच्या मालिकांचं काम यायचं. बाहेर तेव्हा अजून शेतं होती. खिडकीतून एका बाजूला नव्या सोसायट्यांचे सांगाडे आणि दुसऱ्या बाजूला मेथीचे वाफे दिसायचे. मला स्टोरीबोर्ड करायचं होतं. चित्र हलायच्या आधी सगळा प्रसंग कागदावर चौकटी-चौकटींनी मांडायचा, कोण कुठं उभं आहे, कोण कुणाकडं बघतंय, कुठून बघायचं आणि किती वेळ, हे ठरवायचं. मला त्यातलं ठरवणं आवडायचं. बोलायला मी कमी होते. न बोलता सांगता येतं असं हे एक काम होतं.

अण्णांना ते पटत नव्हतं. चित्रं काढायला पगार देतात म्हणजे ती कंपनी बुडणारच, असं ते शेजारच्या काकांना सांगत, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळं इतक्या मोठ्यानं सांगत की अख्ख्या चाळीला कळे. त्यांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर स्टुडिओनं कायम केलं तर ठीक, नाहीतर त्यांच्या साहेबांच्या ओळखीनं एका कारखान्यात तपासणी खात्यात लागायचं. तिथं जागा धरून ठेवलेली होती. स्टुडिओत आम्ही दोघं उमेदवार होतो, मी आणि निखिल नावाचा एक मुलगा, आणि स्टोरीबोर्डच्या टेबलावर खुर्ची एकच रिकामी होती. स्टुडिओचे प्रमुख देवधर सर, हळू बोलणारे, सतत पेन्सिलीला टोक करत बसणारे. त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की तीन महिने संपायच्या आधी प्रत्येकानं एक प्रसंग मांडून दाखवायचा. संवाद नाही. दीड-दोन मिनिटांचा. आणि स्वतःला माहीत असलेला.

मी कोल्हा आणि विहीर काढली. मग एक राजकन्या काढली. सरांनी दोन्ही पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं आहे?" मी म्हटलं, माझं. ते म्हणाले, "रेघ तुझी आहे." एवढंच म्हणून कागद परत दिले. घरी येऊन मी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती आणि निवडता निवडता तिनं सांगितलं की कंपनीत तिचा फोटो लागलाय. अण्णांनी हातानं विचारलं, कशाचा? त्यांना वाटलं, बक्षीस. आई म्हणाली, चुकीचा. तिच्या कंपनीत अशी पद्धत होती की मोटार बनवणाऱ्यांकडून तक्रार परत आली, की ज्या बाईच्या स्टेशनवर चूक झाली तिनं सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्या शिफ्टसमोर उभं राहायचं. तो चुकलेला जुडगा हातात धरायचा आणि आपल्या तोंडानं सांगायचं. मग आठ दिवस लाइनच्या दाराशी फळ्यावर तिचा फोटो लाल चौकटीत. आई एकोणीस वर्षं त्या लाइनवर होती. नव्या मुलींना शिकवायची. तिचा फोटो कधी लागला नव्हता. ती काय म्हणाली ते तिनं आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, शाळेतल्या कवितेसारखं. "मी शकुंतला. सात नंबर स्टेशन. एक क्लिप लावायची राहिली. पुन्हा होणार नाही." मग तिनं मेथीच्या काड्या गोळा केल्या. अण्णांनी विचारलं, कशी राहिली? ती म्हणाली, लक्ष कुठं होतं काय माहीत.

मला तिचं वाईट वाटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, माझ्या डोक्यात चौकटी पडायला लागल्या होत्या. मेथीच्या ढिगापलीकडं बसलेली आई मला कुठल्या बाजूनं दिसते आहे हे मी बघत होते. आता या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला ठाऊक आहे की दुःख आणि ही नजर एका वेळी एकाच माणसात असू शकतात, आणि त्याची लाज वाटणं कधी पूर्ण थांबत नाही. आईला नेलं त्या सकाळीही मी दारातून येणारा उजेड बघत होते.

पाच दिवसांत मी बेचाळीस चौकटी काढल्या. सरकणारा पट्टा, फळे, बायकांच्या पाठी. एक बाई टेप गुंडाळते आहे. तिचं लक्ष जातं. मग तिच्या मनातलं घर, चुलीवरचं पातेलं, पुस्तक घेऊन बसलेली मुलगी. हात रिकामा पुढं जातो, क्लिप डब्यातच राहते. जुडगा मोटारीत, मोटार रस्त्यावर. मग सकाळ. सगळी शिफ्ट रांगेत, आणि समोर एकटी ती बाई, हातात वायरी धरून, मान खाली. शेवटच्या चौकटीत नुसता फळ्यावरचा फोटो, ज्याच्यासमोरून बायका न बघता आत जातात. मी आईला विचारलं नाही. विचारावं असं मनात आलं होतं, पण ती नको म्हणेल हेही मनात आलं, आणि मी विचारलं नाही.

देवधर सरांनी कागद भिंतीवर लावायला सांगितले. ते बराच वेळ त्या ओळींसमोर उभे राहिले. मग म्हणाले की हे कुणीतरी जवळून बघितलेलं आहे. मी हो म्हटलं. खरं तर मी त्या कंपनीच्या फाटकाच्या आतही कधी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. स्टुडिओनं आजवर दुसऱ्यांचीच कामं केली, आता आपली एक छोटी फिल्म करावी असं त्यांच्या मनात होतं. तीन-चार मिनिटांची, बाहेरच्या महोत्सवांना पाठवण्याजोगी. ही करू या, म्हणाले. खुर्ची माझी, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही, पण निखिलनं त्याच दुपारी माझं अभिनंदन केलं आणि माझ्या डब्यातली शेंगांची चटणी सगळी संपवली.

घरी मी एवढंच सांगितलं की माझं काम सरांना आवडलं. अण्णांनी ते दोनदा सांगायला लावलं. आई म्हणाली, मी येते बघायला. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, कारखाने बंद असतात. स्टुडिओची मात्र रविवारची. त्यामुळं गुरुवारी ती मोकळी होती आणि मी कामावर. मी नको म्हणायची कारणं शोधत राहिले आणि ती गुरुवारी अकरा वाजता आली. इस्त्रीची साडी, हातात सगळ्यांना पुरतील एवढे धपाटे. मी तिला सांगायला तोंड उघडलं तोवर देवधर सर उठून तिला भिंतीकडं घेऊनही गेले होते.

कंपनीत तिच्या स्टेशनवर कामाच्या पायऱ्या दाखवणारा चित्रांचा कागद लावलेला असे. आई ती भिंत तशीच वाचायला लागली. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडं, प्रत्येक चौकटीवर बोट ठेवत, एकही न सोडता. दुसऱ्या ओळीत तिला कळलं. बोट थांबलं नाही, पण हळू झालं. पातेलं आणि मुलगी होती तिथं तिनं विचारलं, "ही तू का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "लाइन चालू असताना मी तुझा विचार करत नसते, सुमे. तिथं कुणाचाच करता येत नाही." सर हसले, मीही हसल्यासारखं केलं. मग ती मीटिंगच्या चौकटीपाशी पोचली आणि तिथं फार वेळ उभी राहिली. पुढच्या चौकटी तिनं बघितल्या नाहीत. सरांना म्हणाली, "पोरीचा हात चांगला आहे. धपाटे गरम आहेत तोवर खाऊन घ्या." सगळ्यांना वाढून झाल्यावरच ती निघाली. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून तिच्याबरोबर बाहेर पडले.

आम्ही चालतच निघालो. अर्ध्या वाटेवर एक रसवंती होती, तिथं ती आपण होऊन बसली आणि दोन ग्लास सांगितले. चरकाचं घुंगरू वाजत होतं. मी म्हटलं, तुला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, हो, हवं होतं. मग रस आल्यावर म्हणाली, "क्लिप माझ्याकडनं राहिली नव्हती."

ती चूक कविताची होती. कविता जालन्याकडची, चार महिन्यांपूर्वी लागलेली, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. सात नंबरला तीच असे. आई तिला शिकवत होती, आणि नव्या मुलींना पाणी प्यायला किंवा संडासला जायचं असलं की त्यांच्या जागी थोडा वेळ आईच उभी राही. तक्रार आली तेव्हा तारीख आणि शिफ्ट निघाली, स्टेशन निघालं. आईनं सांगून टाकलं की त्या वेळी कविताच्या जागी मी होते. कुणाला तपासता येण्यासारखं नव्हतं. आई कायम होती, तिचा नुसता फोटो लागणार. कविता उमेदवार, तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, आणि घरी पाठवलं असतं तर तिच्या भावांनी पंधरा दिवसांत तिचं लग्न लावलं असतं.

मी विचारलं, आम्हाला तरी खरं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "घरात एक आणि कंपनीत एक सांगितलं की कधीतरी तोंडातून चुकून जातं. तुझ्या अण्णांना सांगायचं म्हणजे तर चाळीला सांगायचं."

मला त्या क्षणी काय वाटलं तेही लिहायला हवं. वाटलं की ही गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा किती चांगली आहे. मधल्या आठ चौकटी काढून टाकायच्या, दुसरी एक मुलगी आणायची, सगळं जागच्या जागी बसतं. माझा चेहरा आईला वाचता येत होता. ती म्हणाली, "ते काढायचं नाही. आणि भिंतीवर आहे तेही बाहेर जायचं नाही. तिचे अजून दोन महिने आहेत. कुणी तरी बघेल, कुणी तरी मला विचारेल, आणि मला दुसऱ्यांदा तोंडावर खोटं बोलता येणार नाही." मी म्हटलं, माझेही तीनच आठवडे आहेत. मला वाटलं ती म्हणेल, बरं, बघ मग. ती म्हणाली, "माहीत आहे मला." आणि रसाचे पैसे द्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी स्टुडिओत गेले आणि कागद भिंतीवरून काढले. सरांना म्हटलं, ही फिल्म नको. कारण विचारलं तर ते सांगता येणार नाही असं म्हटलं. त्यांना राग आला असावा, कारण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग तुला कुठल्या कामावर ठेवू, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्तच होता. आठ दिवस मिळाले. त्यात मी अण्णांवर एक प्रसंग मांडला. गाडी येताना त्यांना ऐकू येत नाही, पण पेल्यातलं पाणी थरथरलं की ते घास चावत थांबतात. या वेळी आधी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, माझं नाक नीट काढ. सरांनी तो प्रसंग बघून बरा आहे म्हटलं. खुर्ची निखिलला मिळाली. मला ठेवलं, पण क्लीनअपच्या टेबलावर. दुसऱ्यांनी काढलेल्या कच्च्या रेघांवर काचेखालच्या उजेडात स्वच्छ रेघ ओढायची, दिवसभर. अडीच वर्षं मी तेच केलं. दिवाळीला अण्णांनी तपासणी खात्याला नकार कळवला आणि चाळीला पेढे वाटले. पोरगी कायम झाली एवढंच त्यांना महत्त्वाचं होतं. आईनं मला कधी काही म्हटलं नाही, मीही नाही. स्टोरीबोर्डच्या टेबलावर मी पुढं पोचले, अजूनही आहे. शेकड्यांनी प्रसंग मांडले असतील. त्या बेचाळीस चौकटी एका पुठ्ठ्याच्या फाइलीत तशाच राहिल्या. अर्धं माझ्या आईनं सांगितलेलं खोटं आणि अर्धं मी रचलेलं.

आईच्या तेराव्याला कविता आली. मी तिला ओळखलं नाही. चाळिशी ओलांडलेली, भरल्या अंगाची, त्याच कंपनीत आता दोन लाइन बघणारी. माणसं पांगेपर्यंत ती कोपऱ्यात बसून राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली की काकूंनी मला सगळं सांगितलं होतं, त्या चित्रांचं. मी म्हटलं, त्यात तू नव्हतीस. ती म्हणाली, तेही सांगितलं होतं. तिला ती बघायची होती. मी फाइल काढली, सतरंजीवर कागद ओळीनं मांडले. तीही बोट ठेवून वाचत गेली. आईनंच शिकवलेली ती. मीटिंगच्या चौकटीपाशी तिचं बोटही थांबलं.

"काकूंची मान खाली नव्हती, ताई," ती म्हणाली. "त्या माझ्याकडं बघत होत्या. सगळा वेळ. मी बोलायला तोंड उघडलं होतं, आन् त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं."

बाहेर गाडी आली. आम्ही दोघी थांबलो. गाडी गेल्यावर मी तिला विचारलं की आता हे काढलं तर चालेल का. तिनं मान डोलावली. मी कोरा कागद आणि पेन्सिल घेतली आणि म्हटलं, मला जागा दाखव. कविता उठली. खोलीत मागं मागं सरकत ती पार दाराच्या चौकटीपर्यंत गेली, पाठ टेकवून उभी राहिली आणि मी बसले होते त्या जागेकडं बोट करून म्हणाली, "काकू तिथं होत्या. मी इथं."